मुठीतल्या किल्ल्या

कुलपात किल्ली गेली आणि आतलं गाणं थांबलं.

झालं ते एवढंच. दुसऱ्या कुणी ते मनावरही घेतलं नसतं. दार उघडून आत गेला असता, पायातलं काढलं असतं, पंखा लावला असता. पण याचा सगळा जन्म आवाजांत गेलेला. सिनेमात माणूस चालताना जी पावलं ऐकू येतात ती बहुतेक वेळा त्या माणसाची नसतात. ती मागाहून, एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत दुसऱ्याच कुणीतरी वाजवलेली असतात. तो दुसरा कुणीतरी म्हणजे हा. पावलं, कपड्यांची सळसळ, कपबशी, दाराची कडी, सगळं हाच करायचा, आणि स्टुडिओत त्याला पाऊलवाला म्हणायचे. अशा माणसाला कळतंच, की गाणं संपणं वेगळं आणि गाणं थांबणं वेगळं. घरातली पोरगी, मुंगी, आत काहीतरी स्वतः रचलेलं, घसा मोकळा सोडून म्हणत होती. 'वाटी म्हणाली चमच्याला' इथवर आली होती, आणि वाटी चमच्याला काय म्हणाली ते काही बाहेर आलं नाही. त्याने दार उघडलं तेव्हा ती टेबलापाशी ताठ बसलेली, रंगाचा खडू हातात तसाच, डोळे दाराकडे. "आलात?" ती म्हणाली. "आलो," तो म्हणाला. मग तिने सगळे खडू गोळा केले, एकही न पाडता, आणि आतल्या खोलीत निघून गेली. तो पाणी प्यायला, ग्लास विसळून पालथा घातला आणि स्वयंपाकघरात उगाचच उभा राहिला.

मुंगी नऊ वर्षांची. तिच्या आईचं संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारं चष्म्यांचं दुकान होतं. कामाचे कागद हात लांब करून वाचायची वेळ आली तेव्हा हा त्या दुकानात शिरला होता, आणि ती त्याच्या डोळ्यांवर काचा बदलत म्हणाली होती, "चाळिशी लागलीय तुम्हाला. त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?" तिथून सगळं सुरू झालं. मुंगी रांगत होती तेव्हाच तिचे वडील आजारपणात गेले होते, आणि या घरात इतकी वर्षं मायलेकी दोघीच. हा यायचा तो पाहुण्यासारखा, बेल वाजवून, खाऊचा पुडा घेऊन. मुंगी "कोण?" विचारायची, दार उघडायची, पुडा घ्यायची, ठीक चाललं होतं. मग गेल्या महिन्यात चष्मेवालीने त्याच्या तळहातावर किल्ली ठेवली. "बेल वाजवत येऊ नकोस आता. घरच्यासारखा ये. आणि पुढच्या महिन्यात पहिल्याच रविवारी सामान घेऊनच ये एकदाचं." त्या किल्लीने त्याला आधी फार आनंद झाला होता. पण किल्लीने दार उघडून तो संध्याकाळी जेव्हा जेव्हा आत आला, तेव्हा तेव्हा आतला आवाज असाच तुटला. एकदा हसणं, एकदा बाहुलीला दटावणं, आज गाणं. पहिल्यांदा त्याने दुर्लक्ष केलं, दुसऱ्यांदा स्वतःची समजूत घातली. आज मात्र समजूत काही पटेना. पोरीला आपली भीती वाटते. आणि ज्या पोरीला आपली भीती वाटते तिच्या घरात ट्रंक घेऊन शिरायचं, म्हणजे आपण कोण झालो? स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याच्या ओठांवर एक शब्द आला, तो इतका जुना होता की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. किल्लीवाला.

आणि योगायोग म्हणावा तर असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेला तर पडद्यावर किल्लीवालाच उभा. लहानपणी सुट्टीच्या सकाळी मुलांसाठी लावायचे त्यातला तो सिनेमा. ताईचा हात धरून त्याने तो किती वेळा पाहिला होता याला गणती नव्हती. आता तो दुसऱ्या भाषेत न्यायचा होता. जुन्या फितीवर बोलणं, संगीत, पावलं सगळं एकात एक कालवलेलं, त्यामुळे बोलणं पुसलं की त्याबरोबर सगळे आवाजही जायचे. ते पहिल्यापासून नव्याने करायचे, हे याचं काम. काचेपलीकडे बसून ते टिपून घेणारा याचा जुना दोस्त, ज्याला सगळे कानसेन म्हणत, तो म्हणाला, "काय रे, भूत बघितल्यासारखा काय उभायस?" "भूतच आहे," हा म्हणाला. "याने माझ्या बालपणाची अर्धी झोप खाल्लीय."

गोष्ट तशी साधी. धरणाखालच्या वसाहतीत एक विधवा बाई, तिचा मुलगा आणि मुलगी. बाई दुसरं लग्न करते ते धरणाचे दरवाजे सांभाळणाऱ्या माणसाशी. उंच, खांद्यात वाकलेला, कमी बोलणारा, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. तो दिसायच्या आधी किल्ल्या ऐकू यायच्या, आणि थिएटरातली सगळी पोरं खुर्चीत खाली सरकायची. मग नदीतून होडी घेऊन शीळवाला येतो. फाटकी टोपी, ओठांवर शीळ, खिशात काही नाही. मुलं त्याच्याबरोबर पळून जातात, रान बघतात, काजवे बघतात, आणि शेवटी परत येतात तेव्हा दार उघडतो तो किल्लीवाला. लहानपणी हा शेवट त्याला भयंकर वाटायचा. सापडली बिचारी, असं वाटून रडू यायचं. त्या दिवसांत त्याचे स्वतःचे वडील, अतिशय साधा माणूस, कामावरून येताना सायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत जिना चढायचे, तरी हा क्षणभर दाराआड लपायचा. मग वडील खोकायचे, खोकला ओळखीचा निघायचा, आणि हा बाहेर यायचा. ताईने त्याला शीळ घालायला शिकवलं ते याच काळात. आपण मोठेपणी शीळवाला व्हायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. आणि झालाही. भाड्याची एक खोली, कपाट नको, कपाटाला कुलूप नको, पलंगाखाली एक ट्रंक, आणि खिशात सगळ्या आयुष्याची मिळून एकच किल्ली. चष्मेवाली भेटेपर्यंत यात काही कमी आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

कामाला सुरुवात शीळवाल्यापासून झाली. पावलं करायची तर माणसाच्या तोंडाकडे बघून चालत नाही, पायांकडे बघावं लागतं, तोंड फसवतं. या धंद्याची बाकीची शिस्तही विचित्र. अंगात मऊ धुवट सुती कपडे, खिसे रिकामे, मनगटावर घड्याळ नाही, पोट भरलेलं, कारण भुकेचं गुरगुरणंही माइक टिपतो. ज्याची पावलं त्याच्यासारखे बूट त्या वेळेपुरते चढवायचे. एरवी पायात रबरी तळव्याचे कापडी जोडे, आणि नको तो आवाज म्हणजे पाप. इतक्या वर्षांत ते अंगवळणी पडून गेलं होतं. तर त्याने शीळवाल्याचे फाटके बूट चढवले, जमिनीवर आखलेल्या खडीच्या चौकोनात उभा राहिला, आणि पडद्यावरच्या पायांकडे बघत चालू लागला. आणि चालता चालता त्याला एक गोष्ट खुपायला लागली. हे पाय थांबत नव्हते. मागे वळत नव्हते. मागून येणारी मुलगी लहान, तिला पळावं लागतंय, दगडांत अडखळतेय, आणि हा गडी आपला शीळ घालत पुढे. पुढच्या खेपेला मुलीची पावलंही यालाच करायची होती. छोट्या पावलांनी पळून पळून त्याला धाप लागली, कपाळावर घाम आला. "अरे, हा हरामखोर एकदा तरी मागे बघेल की नाही?" तो ओरडला. काचेपलीकडे कानसेन इतका हसला की ती खेप परत घ्यावी लागली. मग दिसतच गेलं एकेक. भाकरी मुलांच्या शिदोरीतली, तुकडा मोठा शीळवाल्याचा. उशाला मुलीची शाल. पाऊस येतो तेव्हा उपड्या होडीखाली हा मधोमध, मुलं दोन बाजूंना अर्धी बाहेर. भूक लागली का रे, एवढं चार शब्दांचं वाक्य साऱ्या सिनेमात त्याच्या तोंडी एकदाही नव्हतं. याला कसंतरीच झालं, आणि हसूही आलं. ज्याच्यासारखं व्हायला आपण निम्मं आयुष्य घालवलं तो तर साधा फुकट्या निघाला.

दुपारी जेवताना त्याने ताईला फोन लावला. ताई आता दोन कॉलेजातल्या मुलांची आई, बोलणं पहिल्यापासून रोखठोक. "तुला तो धरणाचा सिनेमा आठवतो का गं? किल्लीवाला?"

"न आठवायला काय झालं? तू अंथरूण ओलं करायचास त्याच्यापायी."

"ते सोड. तुला नाही वाटायची त्याची भीती?"

"मला?" ताई भाजी ढवळत असावी, मागे चुरचुर चालली होती. "मला तर तो बरा वाटायचा. दोन्ही वेळचं जेवण घालत होता पोरांना. शीळवाला मला कधीच आवडला नाही, पण तू एवढा वेडा झाला होतास त्याच्यापायी, म्हटलं कशाला मोडता घाला. का रे, आज एकदम?"

त्याने मुंगीचं सांगितलं. गाणं कसं तुटतं ते सांगितलं. रविवारच्या आत किल्ली परत करावी म्हणतो, हेही सांगून टाकलं.

"पोरीला विचारलंस?" ताई म्हणाली.

"काय विचारायचं? तू मला घाबरतेस का, असं?"

"मग काय कानांनीच संसार करणारेस? तोंड दिलंय ना देवाने?" चुरचुर थांबली. "ठेवते, करपेल."

दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्याचे बूट चढवले. जड, टाचेला नाल ठोकलेले. मुलं पळून जायच्या आदल्या रात्रीचा तो प्रसंग होता, त्याच्या सगळ्या झोपमोडीचं मूळ. लाकडी बोळ, दोन्ही मुलं अंथरुणात डोळे गच्च मिटून, आणि बाहेरून येणाऱ्या त्या किल्ल्या. जवळ, अजून जवळ, दारापाशी. त्याला तो आवाज आजही जिभेवर लोखंडाच्या चवीसारखा आठवत होता. जुनी फीत आधी जशीच्या तशी ऐकायची आणि मग आवाज बंद करून नुसतं चित्र बघायचं, ही त्याची पद्धत. ऐकताना या वयातही पाठीवर काटा आला. मग कानसेनने आवाज बंद केला. आणि शांततेत तो माणूस बोळातून चालत आला, तेव्हा याने पहिल्यांदा त्याच्या हातांकडे पाहिलं. बोळाच्या तोंडाशी येताच किल्लीवाल्याचा उजवा हात कमरेकडे जातो. सगळा जुडगा तो मुठीत घेतो, आवळतो, मूठ पोटाशी धरतो. पाय टाकतो ते बुटांच्या कडेवर, टाच न टेकवता. दारापाशी थांबतो, मान किंचित तिरकी करतो, आतल्या श्वासांचा कानोसा घेतो, आणि तसाच, मूठ आवळलेली, धरणाकडे कामावर निघून जातो. बोळ संपल्यावर मूठ उघडते.

"परत लाव," हा म्हणाला. परत पाहिलं. परत लाव. तिसऱ्या वेळी तो नाल ठोकलेल्या बुटांसकट लाकडी चौकोनावर बसला.

"काय झालं रे?"

"किल्ल्या वाजतच नाहीयेत. मूठ बंद आहे. मुठीतल्या किल्ल्या वाजतील कशा?"

कानसेनने फीत मागे घेतली, आवाज लावला, बंद केला, परत लावला. चित्रात बंद मूठ आणि कानात खुळखुळाट. "च्यायला," तो म्हणाला. "तेव्हाच्या तुझ्या पाऊलवाल्या भाऊबंदाने न बघताच वाजवल्या की रे. प्रत्येक पावलाला एक, मोजून मापून." मग थोडं थांबून म्हणाला, "पण आपल्याला जसंच्या तसं सांगितलंय. जुन्यात आवाज आहे तर घालावा लागेल. मुलांनी घाबरायला पाहिजे ना तिथे."

"कुणाला घाबरायचं? झोप मोडू नये म्हणून जो किल्ल्या हातात आवळून धरतो त्याला?"

कानसेनने फीत पुन्हा बोळाच्या तोंडाशी आणली. म्हणाला, "दोन्ही करू. पाठवताना दोन्ही पाठवू, घेतील त्यांना हवं ते." आधी खुळखुळाटाची खेप झाली, ती याने डोळे मिटूनही केली असती. मग दुसरी. जुडगा मुठीत घेतला तेव्हा किल्ल्यांचे दाते तळहातात रुतले. जड बूट कडेवर टाकायचे म्हणजे पोटऱ्या भरून येतात. श्वासही धरावा लागतो, नाहीतर तोल हलून बुटाचं कातडं करकरतं. ही सगळी मेहनत किल्लीवाल्याने रोज रात्री केली, आणि कुणाला ती ऐकू आली नाही, कारण ती ऐकू येऊ नये म्हणूनच केलेली होती. बोळ पार करून त्याने मूठ सोडली तेव्हा तळहातावर लाल खुणा उमटल्या होत्या. काचेपलीकडून कानसेन हळू म्हणाला, "आता हा माणूस वेगळाच दिसतो." आणि याच्या छातीवरून काहीतरी उतरलं. इतकी वर्षं पोटात बाळगलेला तो राक्षस खरा नव्हताच. तो एका माणसाने केला होता, याच्यासारख्याच एका खोलीत बसून, बहुतेक जेवण झाल्यावर, डोळ्यांवर झापड असताना, चित्राकडे नीट न बघता. याला हसू फुटलं, ते आवरेना. शेवटचा प्रसंगही त्याने मग मोकळ्या डोळ्यांनी पाहिला. मुलं परत येतात, दार उघडतं, आणि दाराआड एक खुर्ची दिसते, भिंतीकडे सरकवलेली, तिच्यावर घोंगडी. माणूस दारापाशीच बसून होता. लहानपणी त्याला ती खुर्ची दिसलीच नव्हती.

पण संध्याकाळी रस्त्याने चालताना हसू ओसरलं. किल्लीवाला सुटला, ठीक. मुंगीने कुठे तो सिनेमा पाहिला होता? तिचं गाणं थांबायचं ते कुणाच्या चुकीने नाही, ते याच्याच येण्याने. मग त्याला वाटलं, आपल्याला वाट दाखवलीय ती याच सिनेमाने. पोरीला त्रास होऊ नये असं यायचं. किल्लीवाल्यासारखं यायचं. ती इमारत आली, जिना आला. त्याने खिशातून किल्ली काढली, मुठीत गच्च धरली आणि पायऱ्यांच्या कडेकडेने, श्वास धरून चढायला लागला. रबरी तळवे आणि वीस वर्षांची तालीम; मांजरालाही कळलं नसतं. वरून गाणं येत होतं, तेच, वाटीचं. दाराशी त्याने किल्ली इतकी अलगद घातली की त्याची त्यालाच ऐकू आली नाही. नुसती कडी हलली.

गाणं तुटलंच, पण नुसतं तुटलं नाही; आत खुर्ची पडली. दार उघडलं तर मुंगी भिंतीला पाठ लावून उभी, हातात लाटणं.

"तुम्ही आहात होय!" ती म्हणाली, आणि लाटणं खाली आलं.

त्याला वाटलं, झालं, संपलं सगळं. किल्ली टेबलावर ठेवावी आणि निघावं. पण ताईचा चुरचुरता आवाज कानात होताच. तो दारातच, उंबऱ्यावर बसला. "मुंगे, एक विचारू? तू मला घाबरतेस का गं?"

मुंगीने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "तुम्हाला नाही. दाराला."

"दाराला?"

"तुम्ही वाजत का नाही?" ती एकदम चिडून म्हणाली. "आई येते तेव्हा खालपासून कळतं. सँडल वाजते, पिशवी वाजते, समोरच्या मावशींशी बोलते. तुमचं काहीच नाही. एकदम कडीच हलते. मला वाटतं चोर आला. पूर्वी बेल तरी वाजवायचात."

त्याने आपल्या पायांतल्या रबरी तळव्यांच्या जोड्यांकडे पाहिलं. देशोदेशीच्या लोकांना पावलं पुरवणारा माणूस, आणि स्वतःची वाजवायची राहून गेली होती. "म्हणून गाणं थांबवतेस?"

"मग काय चोराला गाणं म्हणून दाखवू?"

"मला वाटलं, तुला मी आवडत नाही."

"तसे बरे आहात," मुंगी म्हणाली. खुर्ची उचलून जागेवर ठेवता ठेवता तिने विचारलं, "रविवारी किती सामान आणणार?"

"एक ट्रंक. पण बूट पुष्कळ आहेत."

"वाजणारे?"

"सगळे वाजणारे." पायात रुतलेला काटा निघाल्यावर माणूस क्षणभर नुसता बसून राहतो, तसा तो उंबऱ्यावर बसून राहिला. मग उठला. "थांब. मी परत येतो. तू म्हण गाणं."

तो खाली गेला, पार रस्त्याच्या दारापर्यंत. एकटी किल्ली वाजत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? खिशातून आपल्या भाड्याच्या खोलीची किल्ली काढून त्याने ती या घराच्या किल्लीशेजारी, एकाच कडीत अडकवली. हलवून पाहिली. छान वाजल्या. मग तो जिना चढायला लागला, टाचा आपटत, कठडा थोपटत, वडील खोकायचे तसं खोकत, बोटाभोवती किल्ल्या फिरवत. समोरच्या मावशींनी दार किलकिलं केलं. "कोण आलंय एवढं दणदणत?" "मीच, मावशी, मीच!" तो मोठ्याने म्हणाला. वर गाणं सुरू झालं होतं. वाटी चमच्याला म्हणत होती, वाजत वाजत ये रे बाबा, वाजत वाजत ये. तो दाराशी पोचला. कुलपात किल्ली गेली, आणि गाणं चालूच राहिलं.